तिसऱ्यांचे पाहुणे

आडबंदरच्या खाडीतल्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांनी आपल्या पोटातले खेकडे परत मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी कळली ती इंदू खवणेकरणीला. सकाळी तिने टोपलीभर तिसऱ्या आडाळ्यावर घेतल्या, विळीसारख्या त्या पात्याला लावून रेटल्या, तर एक शिंपला फाकेल तर शपथ. मग तिने त्या उकळत्या पाण्यात टाकल्या. पाणी आटलं, तिसऱ्या ढिम्म.

"काय झालां गो बायांनो?" इंदूने टोपात वाकून विचारलं.

"आमचा पाहुणा कुठे आहे ते आधी सांग," टोपातून उत्तर आलं.

पाहुणा म्हणजे वाटाण्याएवढा मऊ खेकडा. तो तिसऱ्यांच्या पोटात राहतो, त्यांनी पाण्यातून गाळून घेतलेलं आयतं खातो आणि फिरायलाही बाहेर पडत नाही. आडबंदरात तिसऱ्या फोडताना असा जिवंत पाहुणा निघाला तर त्याला मारत नाहीत. वाटीभर खाऱ्या पाण्यात ठेवतात आणि ओहोटीला, जिथून तिसऱ्या उकरल्या त्याच चिखलात नेऊन सोडतात. म्हणजे त्याला शेजारच्या घरी जागा मिळते आणि ज्या तिसरीचा जुना पाहुणा मेला तिचं घर रिकामं राहत नाही. वाडीभरच्या वाट्या गोळा करून चिखलात जायचं काम भास्करचं. भास्कर इंदूचा धाकटा दीर. हे एक काम सोडलं तर त्याने जन्मात इकडची काडी तिकडे केली नव्हती. नवरा गेला तरी इंदू त्याला पोसत होती आणि तो रोज पहिल्या घासाला म्हणत होता, "वयनी, मीठ कमी."

शिमग्यानंतर एके दिवशी तो असाच म्हणाला आणि इंदूचं डोकं फिरलं.

"भावजी, तिसऱ्यांच्या पोटातलो खेकडो आणि तुमी, एकाच जातीचे! आयतां गिळूचां आणि वर मीठ कमी म्हणूचां!"

भास्कर "बरां" म्हणाला. हात धुतला, पंचा खांद्यावर टाकला आणि तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे मावसभावाच्या बंगल्यावर राहायला गेला. आता वाट्या कोण नेणार? बायका नव्या धक्क्याच्या सावलीत बसून तिसऱ्या फोडायच्या. त्यांनी पाहुणे बसल्या जागेवरून पाण्यात भिरकावले. त्याच सुमारास धक्क्याच्या खांबांना काळे परदेशी शिंपले लगडले होते, कुठल्याशा जहाजाच्या बुडाला चिकटून आलेले. पाहुण्यांना पहिलं दार दिसलं ते त्यांचं. ते आत शिरले आणि तिथलेच झाले.

ग्रामसेवक मस्के सांगोल्याकडचे. त्यांना खाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण सभा कशी घ्यायची ते चोख ठाऊक होतं. त्यांनी ओहोटीची वेळ बघून धक्क्याखाली सभा बोलावली. तिसऱ्यांमधल्या थोरलीला बोलण्यापुरतं तोंड उघडायची सवलत मिळाली.

"आपली तक्रार खाल्लं जाण्याबद्दल आहे का?" मस्केंनी विचारलं.

"छे! ते पूर्वापार चालत आलंय. आमचे पाहुणे द्या."

"पण ते तुमचंच खातात. त्यांच्यापायी तुम्ही रोडावता, असं ऐकतो."

"रोडावतो ना. म्हणून तर त्यांच्यावर दिवसभर खेकसता येतं," थोरली म्हणाली. "आता आत इतकं शांत झालंय, की भरती आली तरी उघडावंसं वाटत नाही."

इंदू मागे उभी होती. तिने पदराचं टोक दातात धरलं.

मग परदेशी शिंपल्यांना विचारण्यात आलं. ते फार सभ्य होते. "आमच्यात कोणी राहतं याची आम्हाला कल्पना नव्हती," ते म्हणाले. त्यांच्यातल्याच एकाच्या फटीतून एक पाहुणा डोकावला, चांगला गरगरीत झालेला.

"खाण्यापिण्याची ददात नाही," तो म्हणाला. "पण जेवलो काय, मेलो काय, कोणी विचारत नाही."

"मग परत जायला काय हरकत आहे?"

"फेकून दिलंय आम्हाला. आता आपल्या पायांनी कोणत्या तोंडाने जायचं? ज्याने आजवर वाटीतून नेलं, त्यानेच न्यावं."

मस्केंनी मागणी रास्त ठरवली. सगळ्या वाडीने माना वळवून इंदूकडे बघितलं.

"माझ्याकडे कित्याक बघतास?" इंदू करवादली. पण पायांनी ती केव्हाच तरीकडे निघाली होती.

मावसभावाचा बंगला मोठा, फरशी अशी की पाय ठेवायला संकोच वाटावा. भास्कर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होता. गाल वर आले होते.

"बरे असात मां?" इंदूने विचारलं.

"बरां आसा. दोन वेळ मासळी. मीठही बरोबर असतां."

"मगे चांगलां झालां."

भास्कर खाडीकडे बघत राहिला. "एक दिस मुद्दाम म्हटलंय, मीठ कमी," तो म्हणाला. "कोणी आयकलाच नाय."

इंदूने पाहुण्यांचं सगळं प्रकरण सांगितलं. वाट्या न्यायला माणूस हवा, सभेत तसं ठरलंय, असंही सांगितलं.

"तेवढ्यासाठी इलंस?"

"नाय," इंदू म्हणाली आणि तिला एकदम रडूच फुटलं. "जेवण अळणी झालां काय खारट, सांगूक कोण नाय. घर खावक उठतां मेलां. चला, भावजी."

भास्करने खांद्यावर पंचा टाकला.

त्याने धक्क्याखाली वाट्या धरल्या तसे पाहुणे एकेक करून आपणहून उतरले. परदेशी शिंपल्यांनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. भास्कर गुडघाभर चिखलात शिरला आणि प्रत्येकाला नीट दारापर्यंत पोचवून आला. थोरलीने आपल्या वाट्याच्या पाहुण्याला बघून आधी शिंपला गच्च मिटला, मग थोडासा उघडला, मग पुरता उघडला. "आलास उलथून?" ती म्हणाली. "पाय पुसून ये." थोड्याच वेळात साऱ्या चिखलातून अशी कुरकुर सुरू झाली की धक्क्यावर उभ्या मस्केंना सभा संपल्याचं ओरडून सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूने तिसऱ्यांचं सुकं केलं. तिसऱ्या आडाळ्याला लागताच मुकाट उघडल्या होत्या. तिने भास्करला पान वाढलं आणि स्वतः न जेवता समोर बसून राहिली. भास्करने पहिला घास घेतला. चावला. गिळला. इंदूचा जीव टांगणीला लागला.

"वयनी," भास्कर म्हणाला, "मीठ कमी."

"आयतां मिळतां ता गिळा गपचूप!" इंदू कडाडली आणि त्याच्या पानात आणखी डावभर सुकं वाढलं. मिठाची बरणी तिच्या हाताशीच होती. तिने ती जरा मागे सरकवून ठेवली.