कानांनी पाहिलेलं घर

फोटोखालची ओळ कशी लिहावी, हे मला कुणी शिकवायला नको. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझा जन्म त्यातच गेला. आमच्या वेबसाइटवर भाड्याच्या घरांचे फोटो असतात. अंध वाचकांसाठी त्या प्रत्येकाला वर्णन जोडायचं ठरलं. फोन ते मोठ्याने वाचून दाखवतो. संपादकांनी विचारलं, कोण करेल? मी म्हणालो, चहा निवायच्या आत करतो!

पहिली वाचक घरातच होती. माझी ताई जन्मांध. पियानो सुरात लावून देणं हा तिचा व्यवसाय, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःपुरतं घर शोधत होती. आईला ते पटत नव्हतं. आठवड्यात परत येईल, म्हणून ती ताईचा पलंगही कुणाला हलवू देत नव्हती.

मी मनापासून लिहिलं. घरमालकांना फोन करकरून बारकावे मिळवले. एका दुपारी ताई त्यातलं एक ऐकत बसली होती: ‘सकाळचं ऊन इथे पायांशी येऊन बसतं. वारा सुटला की घरभर समुद्रासारखी सळसळ. घरमालकीण मितभाषी.’ तिने ते तीनदा ऐकलं. चेहरा असा, जणू खुर्चीसकट तरंगत कुठेतरी निघाली आहे. संध्याकाळी तिने फोनवरच घर ठरवून टाकलं. घरमालकीण खरोखरच फार बोलली नाही.

सामान हलवायच्या दिवशी मी बरोबर गेलो. पियानो उचलून आणणारे हमाल दारातच थबकले.

“बाई, झाडाच्या अलीकडे ठेवायचा की पलीकडे?”

“कुठल्या झाडाच्या?”

दिवाणखान्याच्या मधोमध फरशीतून एक झाड उगवून थेट छपराबाहेर गेलं होतं. खोलीभर हिरवा, पाण्याखालचा वाटावा असा उजेड पसरला होता.

ताई माझ्याकडे वळली. “फोटोत हे झाड होतं?”

“होतं की. फोटोभर तेच होतं.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“अगं, जे फोटोत दिसतंच आहे ते ओळीत लिहायचं नाही. डेस्कचा पहिला नियम आहे तो.”

हमालांनी पियानो खाली ठेवला. असलं काही मोकळ्या हातांनी ऐकावं, असं त्यांना वाटलं असणार. मी मात्र मनात बाकीची वर्णनं आठवू लागलो होतो. दुसऱ्या एका घराच्या अंगणात उघडी विहीर होती आणि तिथे मी ‘निवांत परिसर’ एवढंच लिहिलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. रात्री ताईचं पान मांडायचं ना, असं ती विचारत होती. मी ताईकडे पाहिलं. ती बुंध्यावर तळहात टेकवून सावकाश त्याच्याभोवती फिरत होती. एक फेरी, मग दुसरी. मग तिने पियानो पलीकडे ठेवायला सांगितला आणि सगळ्यात खालचा सूर वाजवला. तो फरशीत उतरला, बुंध्यातून वर चढला. वर कुठेतरी पानं हलली. तो विरेपर्यंत आम्ही सगळेच स्वप्नात असल्यासारखे उभे होतो.

ताईने माझ्या हातातून फोन घेतला. “आई, माझा पलंग हलवलास तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी मी झाला प्रकार कबूल केला आणि संपादकांनी सगळी वर्णनं रद्द केली. नवी मी लिहायची आणि ताईने तपासायची, असं ठरलं. नमुना म्हणून तिच्याच घराचा नवा फोटो काढायला छायाचित्रकार आला. चौकटीत मावावं म्हणून मी जरा मागे सरकलो. वर्णन ताईनेच सांगितलं:

‘दिवाणखाना. मधोमध झाड. उजवीकडे पियानो, त्याच्याशी बसलेली बाई. डावीकडे तिचा डोळस भाऊ, फांदीवर आपटलेलं डोकं चोळताना.’

मी ते तीनदा वाचलं. एक शब्दही कापता येईना.