गयाआजीचा वानवळा

आमच्या गयाआजीनं आयुष्यात कुणाचाही डबा रिकामा परत केला नाही. अडचण एवढीच, की तो ज्याचा असेल त्यालाच परत जाईल याची खात्री नसे. शेजारच्या काकूंचा डबा लाडू घेऊन पार वाळूजला माझ्या काकांकडं पोचायचा आणि शेजारीण बिचारी महिनाभर डबा शोधत बसायची.

सिल्लोडकडच्या खेड्यातून आजी शहरात, सिडकोत आमच्याकडे राहायला आली, ती वानवळ्याची सवय घेऊनच. शेतातलं पहिलं कणीस, पहिली शेंग निघाली की आधी भावकीत आणि शेजारीपाजारी वाटायची, हा वानवळा. सिडकोत शेत कुठलं? पण मंडईतून आणलेली कणसंसुद्धा आजी "घरचीच हायेत" म्हणून गल्लीभर वाटायची.

तिला दोन मुलगे. मोठे उत्तमकाका वाळूजला राहतात, धाकटे अशोक म्हणजे माझे वडील. दोघांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. माझ्या ताईच्या लग्नपत्रिकेत काकांचं नाव वडिलांच्या नावाखाली छापलं गेलं, एवढंच कारण. चूक छापखान्याची, पण मोठ्या भावाचं नाव खाली गेलं ते गेलंच! आपण जायच्या आत हे दोघं बोलले पाहिजेत, असा आजीनं ध्यासच घेतला. उपाय तिला एकच माहीत होता, डबा.

ती डबा भरायची, मला मोटारसायकल काढायला लावायची आणि वाळूजला जाऊन काकांना सांगायची, "अशोकनं पाठवलंय. म्हनला, दादाला आवडतं." परत आल्यावर तिकडच्या काकूनं दिलेलं काहीबाही वडिलांपुढं ठेवून, "उत्तमनं आठवनीनं दिलं रं." दोघा भावांनी एकमेकांना काहीच पाठवलेलं नसायचं. कुठं काय सांगितलंय हे माझ्या ध्यानात राहायचं नाही.

"आजी, खोटं काहून बोलतीस?"

"खोटं कुठंय? त्यायच्या मनात हायच. मी निस्तं तोंडानं म्हनते."

पुढं वय झालं तसा तिचा स्वतःचाच घोळ व्हायला लागला. एकदा आईनं सकाळी केलेल्या पुरणपोळ्या तिनं डब्यात भरल्या आणि दुपारी त्याच वडिलांच्या ताटात वाढल्या. "उत्तमच्या घरून आल्यात." आई बघतच राहिली. वडील शांतपणे दोन पोळ्या जेवले आणि म्हणाले, "वहिनीच्या हाताला चव हाय, आई." त्यावर आईनं दोन दिवस अबोला धरला.

म्हणजे वडिलांना माहीत होतं? कधीपासून? मी विचारात पडलो, तर तिकडं काकांनी मला फाटकापाशी गाठलं. "आजीला सांगू नको. पन अशोक्याला कारलं बघवत नाय, तो मला कशाला पाठवतो कारल्याची भाजी?" सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि बोलत कुणीच नाही. मग बनवत होतं तरी कोण कुणाला?

मागच्या उन्हाळ्यात आजीला दवाखान्यात ठेवलं. खाटेच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला वडील, आणि दोघांचीही नजर सलाईनच्या बाटलीवर. दुपारी आजीनं डोळे उघडले. काकांचा हात धरून म्हणाली, "उत्तम, अशोक लई आठवन काढतो रं तुझी." मग हळूच मान वळवली. "अशोक, दादा रोज इचारतो तुझं."

दोघं समोरासमोर उभे, आणि आजी एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत होती. तिचा पुन्हा घोळ झाला होता, की त्या खोलीत शुद्धीवर ती एकटीच होती, हे मला अजूनही कळत नाही. चार दिवसांनी ती गेली आणि विचारायचं राहूनच गेलं. फार आठवण येते तिची.

त्या दुपारी मात्र सलाईनवरची नजर आधी वडिलांनी काढली. म्हणाले, "काढतो, आई." बोलले आजीशी, पण बघत होते काकांकडं.

काकांनी रुमालानं तोंड पुसलं. पुसतच राहिले.

"उन्हाचा आलास," ते म्हणाले. "जेवलास का?"