बिरादारसरांची शून्यं

बिरादारसर दिसले की मी वाट बदलतो. सापडलो तर ते मला धरून शून्य करतात.

ठाणाकुशनूरकडच्या आमच्या मराठी शाळेत ते गणित शिकवतात, मी हिंदी. लांबलचक संख्या दहाचा घात लावून आटोपशीर लिहायचा धडा आला की सर फळा सोडून व्हरांड्यात येतात. खडूनं गोल आखून एकेका गोलात एकेक पोर अंक म्हणून उभं करतात. लक्ष्मी दशांशचिन्ह. ती उड्या मारत अंक ओलांडते. जितक्या उड्या, तितका घात. शून्यं कमी पडली की स्वयंपाकाच्या अक्का आणि मी आहोतच. टोकाला मात्र एक जादा गोल असतो. त्यात कुणी पाय ठेवला की सर खेकसतात, "ए, हट तिथनं!"

परवा शिक्षणखात्याचे मोठे साहेब आले. पोरं कमी, म्हणून आठवीचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला. वर्ग गेला तर पोरांनी लांब तालुक्याला, औरादला जायचं, म्हणजे निम्म्या पोरींची शाळा सुटणार. आज तरी फळ्यावर शिकवा, असं मी सांगून थकलो होतो. पण ऐकतील ते बिरादारसर कसले!

"सूर्य पंधरा कोटी किलोमीटर!" सर ओरडले. "हुबं ऱ्हावा रे!"

एक, पाच आणि सात शून्यं. अक्का उभ्या राहिल्या, मी राहिलो, तरी एक शून्य कमी. सरांनी थेट साहेबांकडं पाहिलं. साहेब हसले, बूट काढले आणि नेमके टोकाच्या गोलात जाऊन उभे राहिले.

"साहेब, तिथं नका!" सरांनी चक्क त्यांचा हात धरून ओढला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "कामून हो, मास्तर?"

गेला वर्ग, मी मनात म्हटलं.

"ती रेणुकाची जागा हाय. आईबापासंगं हैदराबादला बांधकामावर गेलीय. परत यायलीय ती. आल्यावर कुठं हुबी ऱ्हाईल?"

रेणुका जाऊन दुसरं वर्ष लागलं. ती येणार नाही, हे गावाला ठाऊक आहे.

साहेबांनी सरांच्या हातातला खडू घेतला आणि माझ्या शेजारी स्वतःचा गोल आखला. लक्ष्मी त्यांच्या मागून निघाली, आठ उड्या मारून एक आणि पाचच्या मधे थांबली. "दीड गुणिले दहाचा आठवा घात!"

"यंदा वर्ग ऱ्हाऊ द्या," साहेब जाताना म्हणाले. पोरांनी एकच गिल्ला केला.

सर ओलं फडकं घेऊन फरशी पुसायला बसले. बाकीचे सगळे गोल पुसून झाल्यावर त्यांनी खडू घेतला आणि साहेबांच्या पायानं पुसट झालेला टोकाचा गोल पुन्हा गिरवला.