तबकड्यांची माळ

सिद्धूअण्णांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्यांनी वाळलेले कपडे टाकायला ठेवलेली. उभ्यानंच कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं आणि स्क्रीनकडं ढुंकूनही न बघता थेट दारापर्यंत चालत जायचं. गल्लीतून गेलेली एखादी रिक्षा बघायची आणि परत यायचं.

"टक लावून बघितलं की मशीन नखरे करतंय, अक्का. चला, पुढं!"

हे 'चला, पुढं' त्यांचं पालुपद. चहा संपला, चला पुढं. लाइट गेली, चला पुढं. यम दारात आला तर त्यालाही हे 'चला, पुढं' म्हणतील, अशी भवानी पेठेत थट्टा होती.

मी तिथल्याच एका वाचनालयाची ग्रंथपाल. स्वभावानं तापट, उगाच खोटं कशाला बोलू? मंगळवारी आमची तपासणी होती. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर दिसली नाही तर वाचनालय 'ब' वर्गातून 'क' वर्गात जाणार, असं तपासणीच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं. क वर्ग झाला की आमचा एक माणूस कमी, म्हणजे संध्याकाळची वेळ बंद. घरात बसायला कोपरा नाही म्हणून ज्या पोरी संध्याकाळी अभ्यासाला येतात, त्या कुठं जाणार? मला झोप लागत नव्हती.

आमचा कॉम्प्युटर चादरींच्या एका बंद पडलेल्या ऑफिसनं दिलेला. त्यात मशीन चालवायला एका कंपनीचं विकतचं लिनक्स. अण्णा त्या ऑफिसातले कॉम्प्युटरवाले, त्यांनीच ते घातलेलं. म्हणून मशीन उचलून मी त्यांच्या घरी नेऊन ठेवलं. यादीसाठी डेटाबेस, म्हणजे नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम, हवा होता आणि डेटाबेस मागितला की मशीन एकच म्हणायचं, तुमची वर्गणी संपली, आधी नोंदणी करा.

"म्हणजे मशीन आता आपलं नाही?" मी घाबरून विचारलं.

"आपलंच की! घर आपलंच हाय, खाणावळीचा डबा तेवढा बंद झालाय. आता घरी रांधू. चला, पुढं!"

रांधणं काही जमेना. डेटाबेस करणाऱ्यांच्या साइटवरून अण्णांनी तो फुकट उतरवून घेतला, तर तो दुसरंच काहीतरी मागायला लागला. ते आणलं तर ते तिसरं मागायला लागलं.

"जावयाला जेवायला बोलावलं," अण्णा येरझाऱ्या घालत म्हणाले, "तर म्हणतोय, मेहुणा आल्याशिवाय पाटावर बसणार न्हाई. मेहुणा म्हणतोय, आत्या कुटं हाय? आणि आत्या बसलीया कंपनीच्या कुलपात!"

"मग सगळं पुसा आणि फुकटातलं लिनक्स टाका!"

"इल्ला!" अण्णा चिडले की कानडीत शिरतात, 'नाही'चं 'इल्ला' होतं. "जुन्या सभासदांच्या नोंदी हायत यात. उंदीर झाला म्हणून घर पाडता काय?"

कंपनी लिनक्स फुकट वापरायचीही एक परवानगी देते, असं मला कुणीतरी सांगितलं. अण्णांनी तिच्या अटी छापून आणल्या आणि चालत चालत शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. "हे एकट्या माणसाला हाय, संस्थेला न्हाई. फसवून घ्यायचं न्हाई." शेंगाचटणीच्या पुडीला चुकून दोन रबर आले म्हणून एक परत द्यायला जाणारा हा माणूस! मी कपाळाला हात लावला.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सुतळीला बांधलेल्या पाच सीड्या लोंबत असायच्या, पंख्याच्या वाऱ्यावर गरगरत. पहिल्याच दिवशी मी सहज हात लावला तर अण्णा केवढ्यांदा ओरडले! असतो एकेकाचा विक्षिप्तपणा, म्हणून मी सोडून दिलं.

रविवारी दुपारी माझा तोल गेला. "अण्णा, हे लिनक्स तुम्ही पहिल्यांदा कशावरून घातलंत?"

"सीडीवरनं."

"त्या सीडीत डेटाबेस असतो?"

"असतोय की. आत्या-मेहुण्यासकट."

"मग ती सीडी कुठंय?"

अण्णा दारापर्यंत चालत गेले आणि तिथंच थांबले. गल्लीत रिक्षा नव्हती, काहीच नव्हतं.

"अहो, आठ दिवस माझा जीव टांगणीला लावलात! कुठंय सीडी?"

त्यांनी न वळताच खिडकीकडं बोट केलं. "मधली."

मग हळूहळू बोलायला लागले. "गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की कावळे यायचे. कपाटातल्या सीड्या बिनकामाच्या समजून हिनं माळ केली. मी लई बोललो तिला. ऑफिसची वस्तू, तुला अक्कल हाय का, काय काय बोललो. ती हसली नुसती. म्हणाली, कावळे येईनात बगा. पुढच्या कुरडयांना ती नव्हती. मी माळ खाली आणून हितं टांगली. वरचं टोक माझं. गाठी तिच्या हायत, अक्का."

माझा राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली. "राहू द्या अण्णा," मी म्हणाले. "क वर्ग तर क वर्ग."

"आणि पोरी कुटं बसतील?"

मी कात्री शोधायला वळले तर पुन्हा "इल्ला!" त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलून कॉटवर टाकले, बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दाभण घेतला, माळ मांडीवर घेतली आणि बसले. अर्धा तास गाठ उकलत होते. दाराकडं एकदासुद्धा पाहिलं नाही. गाठ सुटली, तरी सुतळीला तिचा वळसा तसाच राहिला होता.

सीडी त्यांनी सदऱ्यानं पुसून मशीनमध्ये सरकवली. बाजारात जाऊ नको, घरातल्या डब्यातनं घे, असं मशीनला त्याच्या भाषेत सांगितलं. मशीन घरघरलं, अडखळलं, आणि जावई, मेहुणा, आत्या सगळे पाटावर बसले. मी चक्क टाळ्या वाजवल्या. (मंगळवारी साहेबांनी यादी दोन मिनिटं पाहिली, चहा घेतला आणि आमचा ब वर्ग राहिला.)

अण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सीडी बाहेर काढून ते पुन्हा सुतळी घेऊन बसले. बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे.

"हिची गाठ मला येईना," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "एवढं बोलायला नको होतं की हो तिला."

"द्या, मी बांधते."

"ती तुमची गाठ हुईल."

जरा हसतील म्हणून मी पर्स उचलली आणि म्हणाले, "चला अण्णा, पुढं!"

"थांबा की जरा, अक्का," अण्णा म्हणाले.

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले.