सोळा नंबरच्या बसमधला हेर

कुठलीही बातमी माझ्यापुढे टाका, पाच मिनिटांत तिची समाजशास्त्रीय चिरफाड करून देतो! थॉर्नबेकच्या कॉलेजात एकवीस वर्षं मी, क्लाइव्ह पिकर्सगिल, हेच शिकवतोय.

त्या सोमवारी पेपरात बातमी होती : प्रवासी कमी, म्हणून कौन्सिल, म्हणजे आमची नगरपालिका, सोळा नंबरची बस बंद करणार. मी फळ्यावर दोन रकाने आखले.

"एक दृष्टिकोन म्हणतो, समाज हे शरीर आणि बस ही त्याची रक्तवाहिनी. दुसरा म्हणतो, ज्यांच्या दारात गाडी, तेच गरिबांची बस बंद करतात!"

"सर, तुम्ही कधी बसलाय का हो सोळा नंबरात?" टॅमसिन नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं.

माझ्या दारात गाडी होती. वर्ग फिदीफिदी हसला.

"उद्याच प्रत्यक्ष निरीक्षण करतो!" मी गरजलो.

मंगळवारी सकाळी नऊला मी बसस्टॉपवर हजर. हातात वही, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. वहीत लिहिलं : महिला, साठीपुढच्या, सात.

मागून एक डोकं वहीत घुसलं. मिसेस ऑलरेनशॉ, हे नाव मला नंतर कळलं! काठी टेकत आलेली, पण नजर घारीची.

"डॉट, हा आपल्याला मोजतोय गं! कौन्सिलचा हेर आहे मेला!"

"गळ्यातला पट्टा बघ की!" तिची मैत्रीण डॉट किंचाळली.

"छे हो मॅडम, मी फक्त तुमच्या वर्गजाणिवेचा अभ्यास..."

"ऐकलंस? आत्तापासून वर्ग विचारतोय! उद्या पहिल्या वर्गाचं तिकीट काढायला लावेल!"

तेवढ्यात बस आली आणि मला अक्षरशः आत कोंबण्यात आलं. डॉटनं फोन काढला. "हेर मोजायला आलाय, सगळ्यांनी चढा!" झालं! पुढच्या प्रत्येक स्टॉपवर माणसं वाट बघत उभी. व्हिनेगरच्या बरणीतल्या कांद्यांसारखे आम्ही एकमेकांना चिकटलो. माझ्या पायावर डॉटची भाजीची चाकांची पिशवी!

"लिही," मिसेस ऑलरेनशॉ माझ्या कानाशी म्हणाली. "माझ्या नवऱ्याला, वॉल्टरला, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनला लावतात. त्याला अँब्युलन्स नेते, मला नाही. त्याच्याशेजारी मी बसते. टॅक्सी परवडत नाही. बस गेली तर तो एकटा पडेल. लिहिलंस?"

तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. हे कुठल्या रकान्यात घालावं, मला सुचेना. तिनं सांगितलं तसंच लिहिलं.

हॉस्पिटलपाशी उतरलो तर समोर पेपरवाल्याचा कॅमेरा! बुधवारी पहिल्या पानावर मी : 'कौन्सिलचा हेर प्रवाशांच्या तावडीत!' कौन्सिलनं जाहीर केलं, हा माणूस आमचा नाही. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली! मी वहीतलं वॉल्टरचं पान फाडून कौन्सिलला धाडलं, खाली ठसठशीत सही करून. लोकही हट्टानं रोज बसनं फिरत राहिले. पंधरा दिवसांनी कौन्सिल नमलं. बस राहिली!

मिसेस ऑलरेनशॉनं मला चहाला बोलावलं. वॉल्टर खुर्चीत, गुडघ्यावर शाल, चेहरा खुललेला.

"हेर म्हणून तू अगदीच टाकाऊ निघालास हो," ती कप पुढे करत म्हणाली. "पण माणूस चांगला आहेस. खरं सांग बाळा, पोटापाण्याला काय करतोस?"

मी छाती फुगवली. "समाजशास्त्र शिकवतो!"

वॉल्टरनं बायकोकडे पाहिलं. तिनं बिस्किटांची अख्खी बशी माझ्यापुढे सरकवली.

"असू दे रे, मनाला लावून घेऊ नकोस. अजून वय आहे तुझं, मिळेल काहीतरी!"