नऊ जास्त, तीन कमी

आधीच सांगून टाकतो, माझी स्मरणशक्ती जबरदस्त आहे! शाळेतल्या हजेरीपटावरची सगळी नावं मी अजून क्रमाने म्हणून दाखवतो. कोणी विचारलं नाही तरी दाखवतो. त्यामुळे सासऱ्यांची जुनी स्पोर्ट्‌स कार घरी आणायची, तिचा नट न् नट सुटा करायचा आणि पुन्हा जोडून तिला नव्यासारखी करायची, असं मी जाहीर केलं तेव्हा मला स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती. शंका फक्त बायकोला होती, आणि तिला ती लग्नाच्या दिवसापासून आहे.

गाडी म्हणजे काय चीज होती! लाल रंगाची, बुटकी, लांब नाकाची, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. सासऱ्यांनी ती तरुणपणी घेतली होती आणि गेली चाळीस वर्षं ती त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपून होती. "एवढा जीव आहे त्यांचा तिच्यावर, की रस्त्यावर काढवत नाही," असं घरात सगळे कौतुकाने सांगायचे.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पा लिफ्ट तपासणारे अधिकारी होते. पस्तीस वर्षं ते इमारतीइमारतींतून लिफ्टचे बोल्ट तपासत हिंडले. एक बोल्ट सैल दिसला की लिफ्ट बंद! सातव्या मजल्यावरचे लोक धापा टाकत जिने चढायचे आणि अप्पांच्या नावाने बोटं मोडायचे. निवृत्त झाले तरी सवय गेलेली नाही. आमच्याकडे आले की खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघतात.

मलाही त्यांनी एकोणीस वर्षं असंच हलवून बघितलंय. मला ते 'जावईबापू' म्हणतात, 'तुम्ही' म्हणतात, आणि म्हणताना चेहरा असा करतात, की कुठेतरी काहीतरी सैल असल्याचा त्यांना दाट संशय आहे. म्हणून त्यांनी आपणहून "घेऊन जा गाडी, उघडा, नीट करा," म्हटलं तेव्हा मला भरूनच आलं. अट एकच होती.

"माझ्या पंचाहत्तरीला ती मी चालवणार. पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमेल?"

"अप्पा, डोळे झाकून!"

"उघडे ठेवलेत तर बरं होईल, जावईबापू."

एकोणीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी 'शाबास' ऐकलेलं नाही. लहानपणी नाही का, एखाद्या मास्तरांची शाबासकी मिळत नाही म्हणून झोप लागत नाही? तसं माझं झालं होतं. या वेळी ती मिळवायचीच, असं मी ठरवून टाकलं.

दोन महिन्यांत गॅरेजमध्ये गाडीचा फक्त सांगाडा उरला. बाकी सगळी गाडी सदतीस काचेच्या बरण्यांमध्ये होती! कॉफीच्या बरणीत गिअरबॉक्सचे बोल्ट, जॅमच्या बरणीत दरवाजांचे, मधाच्या बरणीत स्टिअरिंगचे, अशी चोख व्यवस्था.

"अहो, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवा," बायको म्हणाली.

"मी दिवसभर ऑफिसात काय करतो?"

"नकाशे काढता."

"नकाशांवर गावांची नावं घालतो! घरी येऊन पुन्हा बरण्यांवर नावं घालत बसू? सगळं इथे आहे, इथे." मी कपाळावर बोट आपटलं.

"तिथे आहे म्हणूनच म्हणते," एवढं बोलून ती आत गेली.

नुसती गाडी जोडून मी थांबणार नव्हतो. तिच्यात सुधारणाही करणार होतो. छोटं गोल स्टिअरिंग आणलं, रुंद टायर आणले, सिंहासारखा गरजणारा सायलेन्सर बसवला. ड्रायव्हरशेजारची जुनी सीटसुद्धा काढली आणि तिच्या जागी शर्यतीच्या गाडीत असते तशी खोलगट सीट आणली. काम कसं झोकात चाललं होतं! पंचाहत्तरीला बारा दिवस उरले होते आणि जोडणी सुरू करायची होती.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आईने बत्तीस वर्षं बटणांच्या दुकानात काम केलं. गिऱ्हाइकांनी उपसून ठेवलेली बटणं रोज पुन्हा माप, आकार, रंग बघून जुळवायची, हे तिचं काम. त्यामुळे तिला मिसळलेली वस्तू सहन होत नाही. आमच्या घरात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे उभे असतात.

त्या दिवशी मी ऑफिसातून आलो आणि गॅरेजच्या दारातच खिळून उभा राहिलो. फळीवर सदतीस बरण्या ओळीने लखलखत होत्या. पहिल्या बरणीत सगळ्यात बारीक बोल्ट, दुसरीत त्याहून थोडे मोठे, तिसरीत त्याहून मोठे...

"आई! हे काय केलंस?"

"जुळवले," आई चष्मा पुसत म्हणाली. "केवढा पसारा होता रे! दुपारी बसल्या बसल्या उरकून टाकला."

"अगं, पण कॉफीच्या बरणीत गिअरबॉक्स होता!"

"ती बरणी ना? तिच्यात एकासारखा एक नव्हता. कोणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं? आधी मापाने लावले, मग डोक्याच्या आकाराने, मग चकाकीने. आता बघ, किती शोभा आली."

शोभा खरंच आली होती. पण गाडी शोभेने जोडता येत नाही! आईला रागवावं, तर तिने चार तास खपून मुलाला मदत केली होती. बायकोकडे बघावं, तर तिने फक्त माझ्या कपाळाकडे बघितलं. चिठ्ठ्यांचा विषय तिने काढलाही नाही. तो काढला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचे दहा दिवस मी ऑफिसला रजा टाकली आणि गॅरेजमध्ये भोकं आणि बोल्ट यांचे विवाह जुळवत बसलो. एक बोल्ट उचलायचा, भोकात घालायचा. बसला तर आपला, नाही बसला तर दुसऱ्या भोकाला दाखवायचा. हजेरीपट पाठ असलेलं माझं डोकं या बाबतीत ढिम्म हलेना. शेवटी गाडी उभी राहिली. इंजिन सुरू झालं. सायलेन्सर असा गरजला, की शेजारच्या वकिलांनी खिडक्या लावून घेतल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं, की नऊ बोल्ट उरलेत!

बरं, नुसते उरले असते तर एक वेळ समजलं असतं. पण नव्या सीटला चार जाड बोल्ट लागत होते, त्यातला एकच हातात होता. तीन गायब! नऊ जास्त आणि तीन कमी, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? मी गॅरेज झाडलं, सोफा उलटा केला, दुकानं पालथी घातली. त्या जुन्या मापाचा बोल्ट कोणाकडेच नव्हता.

"आई, तू एखादा बोल्ट चुकून टाकून तर नाही ना दिलास?"

"मी कधी काही टाकून देते का?" आई दुखावल्यासारखी म्हणाली. हॉलला तिने नवे पडदे शिवले होते, ते ती लावत होती. विषय बदलावा म्हणून मी पडद्यांची स्तुती केली. खरंच काय सरळ पडले होते! पंखा सुरू होता तरी जागचे हलत नव्हते.

शेवटी सीट एका बोल्टवर आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर बसवली. तिच्यावर मीच बसणार होतो, म्हणून मनाची समजूत घातली.

पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. अप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन सकाळीच हजर! मी टेबलावरचे नऊ बोल्ट घाईघाईने पँटच्या खिशात कोंबले.

"पिशवी आत ठेवू का, अप्पा?" बायकोने विचारलं.

"असू दे माझ्याजवळ."

त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार हलवून बघितलं. पिशवी मांडीवर घेऊन स्टिअरिंगसमोर बसले आणि आम्ही निघालो. गाडीने वेग घेतला तसा मी सीटसकट मागे घसरलो. अप्पांनी ब्रेक लावला, मी पुढे आलो आणि गुडघे डॅशबोर्डवर आपटले. मागेपुढे, मागेपुढे! आणि प्रत्येक खेपेला खिशातून आवाज, खुळखुळ!

"आवाज येतोय," अप्पा म्हणाले.

"कसला? सायलेन्सरचा असेल."

"सुट्या बोल्टचा. पस्तीस वर्षं ऐकलाय."

मी खिसा घट्ट दाबून धरला. सिग्नल गेला, वळण गेलं. आणि पुन्हा खुळखुळ! माझा हात खिशावरच होता. म्हणजे हा आवाज माझा नव्हता! गाडीतच काहीतरी सुटलं होतं! मला दरदरून घाम फुटला. स्टिअरिंगचं सुटलं की ब्रेकचं? पंचाहत्तरीलाच मी सासऱ्यांना घेऊन पुलावरून खाली जाणार होतो.

"अप्पा, थांबा! गाडी थांबवा!"

पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, खाली उतरले, चारही चाकांना लाथा मारून बघितल्या. शांतता.

"उतरा तुम्ही."

मी उतरलो. खुळखुळ.

"चार पावलं चाला."

मी चाललो. खुळखुळ, खुळखुळ.

"उडी मारा."

"अप्पा, रस्त्यावर लोक..."

"जावईबापू, उडी!"

मी उडी मारली. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायला लागली. अप्पांनी हात पुढे केला. मी एकेक करून नऊ बोल्ट गाडीच्या लाल नाकावर मांडले आणि सगळं सांगून टाकलं. बरण्या, चिठ्ठ्या, बटणं, दोरी. एकोणीस वर्षांची शाबासकी तिथेच पुलाखाली गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"पण अप्पा," मी कसाबसा म्हणालो, "मी खिसा दाबून धरला होता, तरी आवाज आला. गाडीत अजून काहीतरी सुटलंय. आपण चालतच घरी जाऊ."

अप्पांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांनी गाडीत ठेवलेल्या पिशवीतून एक गंजका पत्र्याचा डबा काढला आणि तो माझ्या बोल्टांशेजारी उपडा केला. खळ्ळ!

"चौदा आहेत," ते म्हणाले.

"कसले?"

"या गाडीचेच. चाळीस वर्षांपूर्वी मीच उघडली होती. जोडली आणि हे उरले. कुठले ते आठवेना."

"तुम्हाला? पण तुम्ही तर..."

"लिफ्टचे बोल्ट तपासणारा माणूस! स्वतःच्या गाडीत चौदा उरले, हे सांगू कोणाला? हिच्यात बसायची भीती वाटायची रे. म्हणून ताडपत्री घातली. लोक म्हणाले, जीव आहे गाडीवर. म्हटलं, म्हणू देत. तुला दिली ती एवढ्यासाठीच. वाटलं, उघडशील, रिकामी भोकं दिसतील, मग येऊन विचारशील, अप्पा, इथले बोल्ट कुठायत? मग डबा देऊन मोकळा होईन. तीन महिने वाट बघितली. पण तुला दिसलीच नाहीत!"

ते 'तू' म्हणाले होते! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! मला इतकं बरं वाटलं, की शेवटचं वाक्य टोमण्याचं होतं हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

परत येताना आम्ही इतक्या हळू आलो, की कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई आम्हाला मागे टाकून गेल्या. कुत्रासुद्धा वळून बघत होता.

घरी टेबलावर तेवीस बोल्ट ठेवले आणि आम्ही दोघं बायकोच्या समोर माना खाली घालून उभे राहिलो. तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे गाडीत तेवीस भोकं रिकामी आहेत, आणि तुम्ही दोघं तिच्यात बसून फिरून आलात?"

"अप्पांचे चौदा, माझे नऊ," मी म्हणालो. "वेगवेगळे ठेवू, म्हणजे निदान कोणाचे कुठले..."

पण तोवर आईचे हात चालले होते. माप, आकार, चकाकी. बघता बघता टेबलावर एकच सुंदर रांग!

"आता नाही हो वेगळे करता येणार," ती म्हणाली. "एकमेकांत फार छान जमलेत." अप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "फक्त ते तीन जाडे यात नाहीत," आई पुढे म्हणाली.

मी दचकलो. "कुठले तीन?"

"बरण्या लावताना तीनच निघाले होते. चौथा मिळेना. तिनांचा संच कसा होणार? मग पडद्यांच्या खालच्या शिवणीत घातले वजनाला. तूच नाही का म्हणालास, काय सरळ पडलेत!"

अप्पा सावकाश खिडकीपाशी गेले. त्यांनी पडद्याचं टोक हातात घेतलं, हलवून बघितलं, ओढून बघितलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग वळले आणि एकोणीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो शब्द मनापासून उच्चारला.

"शाबास!"

आईला.