वजा सत्तर

भैरूला वजनासाठी दवाखान्यात न नेता घरीच तोलायचं, हा निर्णय माझा. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहे. उसाने भरलेली ट्रॉली तोलायची, ऊस खाली झाला की रिकामी ट्रॉली तोलायची आणि वजाबाकी करायची, यात माझी उमेदीची वर्षं गेली. टनांनी ऊस मोजणाऱ्या माणसाला एक बोका काय जड जाणार? (गेला.)

भैरू मूळचा पुण्याचा. माझी मेव्हणी अपूर्वा कॅनडाला गेली आणि जाताना हा बोका तिच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, यामिनीच्या पदरात टाकून गेली. जात मेन कून, अमेरिकेकडची थोराड मांजरं. कानांवर केसांचे झुपके, गळ्याभोवती आयाळ आणि शेपूट अशी, की साहेब वळले की टीपॉयवरचा कप खाली. आमच्याकडे दूध घालणाऱ्या छबूबाई त्याला पहिल्यांदा पाहून दारातच थबकल्या. "ह्ये मांजर न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "याच्या घरान्यात कुनीतरी वाघ हुता."

नगरचे डॉक्टर सुश्रुत यांनी पहिल्याच भेटीत सगळं समजावलं होतं. ही जात सावकाश वाढते, तीन-चार वर्षं वाढतच राहते. पण वजन भलतंच वाढलं तर मागच्या पायांचे खुबे दुखावतात, आणि हृदयाचे स्नायू जाड होण्याचा धोकाही या जातीत असतो. तेव्हा दर महिन्याला वजन करून कळवा, असं ते म्हणाले. त्या दिवशी भैरू भरला पाच किलो. परतीच्या वाटेवर तो नागापूरपर्यंत अखंड रडला आणि नागापूर ओलांडल्यावर माझ्या नव्या पँटवर ओकला. म्हणून मग घरचा काटा.

माझी पद्धत सोपी होती. भैरूला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून सत्तर वजा करायचे. सत्तर म्हणजे मी. (मला स्वतःचा आधार नंबर पाठ नाही, पण हे सत्तर लग्नापासून पाठ आहेत.)

पहिल्याच महिन्यात भैरू सात किलो निघाला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वाढ जरा जोरात दिसते, खाणं थोडं कमी करा. आम्ही केलं. पुढच्या महिन्यात आठ. आणखी कमी केलं.

आता पंचाईत अशी, की मी जेवायला बसलो की भैरू समोर येऊन बसायचा आणि माझ्या प्रत्येक घासाकडे बघायचा. मागायचा नाही, नुसता बघायचा. माझ्या घशाखाली भाकरी उतरेना. म्हणून मी त्याच्यासाठी त्याग केला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच भजी नाहीतर मिसळ खाऊन घरी यायला लागलो. पण घरी न जेवावं तर यामिनीला वाईट वाटणार, म्हणून घरीही पानावर बसायचो. एका बोक्यासाठी माणूस दोनदा जेवतो, याची कोणी दखल घेत नाही.

पुढच्या महिन्यात भैरू नऊ किलो भरला. एवढ्याशा खाण्यावर नऊ, म्हणजे घरात फितुरी होती. मी छबूबाईंना अगदी आडवळणाने विचारलं, की तुम्ही याला चोरून साय तर घालत नाही ना? त्यांनी किटली खाली ठेवली.

"सायेब, मी दुधात पानी घालीत न्हाई आन् मांजराला साय बी घालीत न्हाई. उद्यापासून दुसरा गवळी बघा."

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कोरा चहा सुरू झाला.

हे सगळं चाललं असतं, पण एके सकाळी भैरूने खिडकीत उडी मारली नाही. नुसता खिडकीकडे बघून खाली बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. यामिनी रडायलाच लागली. "खुबे गेले असतील त्याचे," ती म्हणाली, "नाहीतर हृदय." सांगायला लाज कसली, त्या बोक्यावर माझा जीव जडला होता. तो ओकला तरी चालेल, पण उड्या मारू दे, असं म्हणत आम्ही नगर गाठलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, पाय हलवून पाहिले, एक्स-रे काढला. सांधे उत्तम, हृदय उत्तम. मग त्याला काट्यावर ठेवलं आणि ते आकड्याकडे बघतच राहिले. पाच किलोसुद्धा नव्हता.

"नऊ किलो कोण म्हणालं होतं?" त्यांनी विचारलं. "याची आयाळ बाजूला केली तर नुसत्या बरगड्या आहेत. हा आजारी नाही, उपाशी आहे."

मी माझी पद्धत सांगितली. वजा सत्तर.

"आणि हे सत्तर तुम्ही शेवटचे कधी मोजलेत?"

मी छताकडे बघितलं. रिकामी ट्रॉली दर खेपेला नव्याने तोलायची, यावरून मी रोज ड्रायव्हर लोकांशी भांडतो, हे यामिनीला माहीत होतं. तिने कोपऱ्यातल्या वासरं तोलायच्या काट्याकडे नुसतं बोट दाखवलं. मी चढलो. सत्तर कधीच मागे पडले होते. वाढत होतो तो मी.

"मी फोनवर जे सांगितलं ते सगळं बरोबरच आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त पेशंट बदला."

आता सगळं छान चाललंय. यामिनी छबूबाईंच्या घरी जाऊन माफी मागून आली, दूध सुरू झालं. भैरू पोटभर खातो, खिडकीत बसतो आणि मी वाटीभर उकडलेला दुधीभोपळा खात असताना माझ्या प्रत्येक घासाकडे बघतो. या वेळी त्याच्या नजरेत कीव असते.

परवा डॉक्टरांचा फोन आला, पेशंट कसा आहे म्हणून. भैरू तेव्हा माझ्या मांडीवर घोरत होता. यामिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोन किलो उतरलाय," ती म्हणाली. "पण अजून स्वयंपाकघरात डबे हुंगत फिरतो."